खराब मेल नेमका कुठं अडकतो: मेलबॉक्स क्लाउडवर नेणाऱ्या नवख्यांसाठी

"सर, तीन मेलबॉक्स लाल झालेत. लिमिट वाढवून टाकू की?"

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास असा फोन आला की मी एवढंच विचारतो, "रिपोर्ट उघडलास का?" पलीकडून आवाज येत नाही. पोरगा हुशार असतो. पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडलेला, आणि सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा नाहीतर होटगी रोडवरच्या एखाद्या ऑफिसचा मेल क्लाउडवर न्यायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. शनिवारी संध्याकाळी मेलबॉक्स हलवायची बॅच सुरू करून घरी गेला, आता अडकलेले मेलबॉक्स लाल दिसताहेत आणि मालक केबिनच्या दारात उभे आहेत. 'बॅड आयटम लिमिट'च्या चौकटीत शून्याच्या जागी शंभर टाकले की लाल रंग जातो, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. रंग जातोही. पण त्या आकड्याचा अर्थ 'शंभर आयटम राहिले तरी माझी हरकत नाही' असा होतो, आणि राहणारे आयटम त्याचे नसतात.

ऑफिसातल्या एक्स्चेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरून, मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्स्चेंज ऑनलाइनवर मेलबॉक्स नेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं इतकी वर्षं मागच्या खोलीत, सुताच्या कोनांच्या ढिगाशेजारी गुपचूप चाललेले सर्व्हर आता हलवायला निघालेत. त्यांच्या पोटात दहा-पंधरा वर्षांचा माल आहे. (आज्ञा मी इथं देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आउटलुकमध्ये तर सगळं नीट दिसतंय मग?

हा प्रश्न मालक विचारणारच, तेव्हा उत्तर आधी समजून घ्या.

गठ्ठा गोदामात पडून असतो तोवर सगळा माल चांगलाच. चेकिंगच्या टेबलावर एकेक टॉवेल उलगडला की कुठं धागा सुटलाय ते दिसतं. मेलबॉक्स हलवणारी एक्स्चेंजची सेवा, म्हणजे मेलबॉक्स रेप्लिकेशन सर्व्हिस, हेच चेकिंगचं काम करते. फाइल उचलून पलीकडं ठेवली असं ती करत नाही. प्रत्येक फोल्डर, प्रत्येक मेल, त्यातला प्रत्येक गुणधर्म वाचते आणि क्लाउडवर नव्यानं लिहिते. आउटलुक मात्र यादीत दाखवण्यापुरतं वाचतं: विषय, नाव, तारीख. २०१२ सालचा एक मेल तेरा वर्षं कुणी उघडलाच नसेल तर तो आतून फाटलाय हे कळायला मार्गच नव्हता. तो आज बिघडलेला नाही, आज सापडलाय. मालकांना हे एवढ्याच शब्दांत सांगा, अर्धी चिडचिड कमी होते.

बिघाड कशानं होतो? आपल्याकडं सगळा दोष एमएसईबीवर जातो, म्हणजे आताच्या महावितरणवर. लाइट गेली, सर्व्हर धाडकन बंद पडला, मेल खराब झाले. हे पूर्ण खरं नाही. एक्स्चेंज प्रत्येक बदल आधी लॉग फाइलमध्ये लिहितो आणि मग डेटाबेसमध्ये, त्यामुळं लाइट परत आल्यावर लॉग वाचून तो स्वतःला सावरतो. घात होतो तो रेड कार्डामुळं, म्हणजे सर्व्हरच्या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डामुळं. कार्डाच्या कॅशला स्वतःची बॅटरी असते. ती मेलेली असेल आणि राइट कॅश तरीही चालू ठेवलेली असेल, तर कार्ड 'लिहिलं' म्हणून सांगतं पण डिस्कवर काहीच गेलेलं नसतं. लॉगही खोटा आणि डेटाबेसही अर्धवट. दुसरा नेहमीचा आरोपी म्हणजे डेटाबेसच्या फोल्डरला सूट न देता बसवलेला अँटिव्हायरस. तिसरा, जुन्या मोबाइलवरचे सिंक अॅप, जे कॅलेंडरमध्ये अर्धवट नोंदी टाकून जायचे. आणि चौथा, जुन्या पीएसटी फाइली, म्हणजे आउटलुकनं कॉम्प्युटरवर साठवलेल्या मेलच्या फाइली. आउटलुक २००३ च्या आधीच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती; ती ओलांडून फाइल फुगली की बिघडायची, आणि कुणीतरी त्यातलाच माल ओढून पुन्हा मेलबॉक्समध्ये टाकलेला असतो.

बॅच सुरू करण्याआधी, निदान दोन दिवस

सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अॅप्लिकेशन लॉग उघडा आणि उणे १०१८ हा आकडा शोधा. हा डेटाबेस इंजिनाचा चेकसमचा एरर आहे: डेटाबेसच्या पानावर जे लिहिलं होतं आणि आता जे वाचलं ते जुळत नाही. हा आकडा दिसला तर स्थलांतराचा विषय बाजूला ठेवा. तुमची डिस्क किंवा कंट्रोलर जातोय. आधी चांगला बॅकअप, मग डिस्क, मग बाकीचं.

अशा वेळी गुगलवर पहिला उपाय दिसतो तो ईएसईयूटिल ही डेटाबेस दुरुस्तीची आज्ञा स्लॅश पी लावून चालवायचा. नव्या माणसानं याला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती आज्ञा खराब पान दुरुस्त करत नाही, फेकून देते. त्या पानावर कुणाचं काय होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. बॅकअपमधून परत आणण्याचे सगळे रस्ते संपल्यावरचा तो उपाय आहे.

बॅकअप आहे असं सगळेच म्हणतात. एक मेलबॉक्स त्यातून प्रत्यक्ष बाहेर काढून बघा. मी तीन ठिकाणी बघितला आणि त्यातल्या एका ठिकाणी बॅकअपची हार्ड डिस्क आठ महिन्यांपासून भरलेली होती. काम रोज 'पूर्ण' दाखवत होतं, लिहीत काहीच नव्हतं.

ओएसटीला हात लावू नका

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण इथं मी स्वतः माती खाल्ली आहे.

आउटलुक कॅश्ड मोडमध्ये चालत असेल तर त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर मेलबॉक्सची एक प्रत असते, ओएसटी फाइल. सर्व्हरवरचा मेल नंतर खराब झाला असेल, तर ओएसटीमधली प्रत अजून धडधाकट असू शकते. क्लाउडवर जाताना जे मेल गळतात त्यांची शेवटची चांगली प्रत पुष्कळदा तिथंच असते. आणि नव्या पोरांची पहिली सवय काय? काही अडलं की प्रोफाइल उडवा, ओएसटी डिलीट करा, नवीन बनवा. एरवी ही सवय वाईट नाही. इथं घात करते.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका टॉवेल निर्यातदाराकडं असंच झालं. मर्चंडायझर बाईंच्या मेलबॉक्समध्ये चार आयटम अडकले होते. मी सवयीनं त्यांचं प्रोफाइल नवीन केलं. त्या जेवून आल्या, आउटलुक उघडलं आणि म्हणाल्या, "दादा, तो जर्मनीवाल्यांचा शेड अप्रूव्हलचा मेल काल तर उघडत होता." उघडत होता, कारण तो ओएसटीमधून उघडत होता. आता सर्व्हरवरची फाटकी प्रत समोर आली: विषयाची ओळ शाबूत, आत पांढरं पान, अटॅचमेंटच्या जागी शून्य केबी. त्या मेलात खरेदीदारानं कोणता निळा मान्य केला होता ते होतं. बाईंनी शेड कार्डाची छापील प्रत कपाटातून शोधून काढली म्हणून मी वाचलो.

तेव्हा ज्यांचा मेलबॉक्स लाल झालाय त्यांच्या टेबलावर स्वतः जा. फोनवर नको. त्यांचं आउटलुक आहे तसंच राहू द्या. खराब मेल शोधा, उघडतोय का बघा. उघडला तर फाइल मेनूतून 'सेव्ह अॅज' करून एमएसजी फाइल म्हणून डेस्कटॉपवर एका फोल्डरात ठेवा. अटॅचमेंट वेगळी सेव्ह करून तीही उघडून बघा, नुसतं नाव दिसतंय म्हणून समाधान मानू नका. फोल्डरला त्या माणसाचं नाव आणि तारीख द्या. याला एका मेलमागं दोन मिनिटं लागतात.

त्याच वेळी ऑफिसातल्या इतरांनाही सांगून ठेवा की हे काम होईपर्यंत कुणी लॅपटॉप फॉरमॅटला देऊ नये. अशा गोष्टी नेमक्या त्याच आठवड्यात सुचतात लोकांना.

यादी काढायची कशी

आता रिपोर्ट. एक्स्चेंज अॅडमिन सेंटरमध्ये मायग्रेशन बॅच उघडून त्या युझरवर क्लिक केलं की वगळलेल्या आयटमची संख्या दिसते, पण काम करायचं तर पॉवरशेलच, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकीच, बरी. एक्स्चेंज ऑनलाइनला जोडून गेट-मायग्रेशनयूझरस्टॅटिस्टिक्स ही आज्ञा त्या माणसाच्या पत्त्यासह द्या आणि इन्क्लूडस्किप्डआयटम्स हा पर्याय लावा. उत्तरातला स्किप्डआयटम्स हा भाग उलगडला की एकेका आयटमचा विषय, पाठवणारा, तारीख आणि तो कोणत्या वर्गात टाकलाय हे मिळतं. हे सीएसव्हीमध्ये उतरवा आणि एक्सेलमध्ये उघडा. आउटलुकमध्ये त्या वेळेचा मेल सापडत नसेल तर रिपोर्टातल्या वेळेत साडेपाच तास मिळवून बघा. तिकडची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असू शकते.

त्याच ठिकाणी 'डेटा कन्सिस्टन्सी स्कोअर' दिसेल. पूर्वी आपणच लिमिट ठरवायचो. आता लिमिट दिलं नाही तर एक्स्चेंज ऑनलाइन स्वतः मार्क देतं. परफेक्ट म्हणजे काहीच सुटलं नाही. गुड म्हणजे सुटलंय ते किरकोळ, बॅच पुढं जाते. इन्व्हेस्टिगेट म्हणजे महत्त्वाचं काहीतरी सुटलंय, कुणीतरी बघून मंजुरी द्यावी. पुअर आला तर मंजुरी देऊनही पुढं जाता येत नाही, मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडं तिकीट टाकावं लागतं. जुन्या पद्धतीनं लिमिट द्यायची सोय काही आज्ञांत अजून दिसते, आणि ५० च्या वर आकडा टाकायचा तर 'मोठं नुकसान मान्य आहे' असा वेगळा स्विच लावावा लागतो. त्या स्विचचं नावच अॅक्सेप्ट-लार्ज-डेटा-लॉस आहे. नाव वाचूनही बोट पुढं जातं लोकांचं, काय म्हणायचं.

यादी हातात आली की ती वर्गाप्रमाणं लावा. साठ ओळी बघून पोटात गोळा येतो, पण त्यातल्या पन्नास बहुधा मेल नसतातच.

परवानग्यांचा कचरा

'करप्ट फोल्डर एसीएल' असं ज्या ओळींपुढं लिहिलंय त्या आधी बाजूला काढा. यात मेल एकही जात नाही. कधीकाळी कुणाला तरी कॅलेंडर किंवा इनबॉक्स बघायची परवानगी दिली होती, तो माणूस नोकरी सोडून गेला, अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे ऑफिसच्या खात्यांच्या यादीतून, त्याचं खातं उडालं, पण फोल्डरवरची परवानगी राहिली. आउटलुकमध्ये त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून परमिशन्स बघितल्या तर नावाच्या जागी 'एनटी यूझर' आणि पुढं एस-१-५-२१ नं सुरू होणारा लांबलचक आकडा दिसेल. क्लाउडला तो माणूस कोण ते कळत नाही, म्हणून क्लाउड ती ओळ सोडून देतो.

दोन-चार असतील तर हातानं काढा. जास्त असतील तर जुन्या सर्व्हरवर गेट-मेलबॉक्सफोल्डरपरमिशननं यादी घेऊन रिमूव्ह-मेलबॉक्सफोल्डरपरमिशननं साफ करा. शक्य असेल तर बॅचच्या आधीच करा, म्हणजे रिपोर्टात खरे आजारी तेवढेच उरतात.

अवाढव्य आयटम

हे खराब नसतात, फक्त दारातून आत येत नाहीत. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये स्थलांतर होताना एका आयटमची कमाल मर्यादा १५० एमबी आहे. ऑफिसच्या आतल्या आत, सर्व्हरला मर्यादाच न लावता लोकांनी जॅकार्डच्या डिझाइनच्या फाइली एकमेकांना मेलनं पाठवलेल्या असतात. 'ड्राफ्ट्स' फोल्डर नक्की बघा. न गेलेला राक्षसी मेल तिथंच पडून असतो. आउटलुकमध्ये सर्च फोल्डर बनवताना 'लार्ज मेल' हा पर्याय मिळतो, तो वापरून आकाराप्रमाणं लावा. अटॅचमेंट वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर ठेवा, मेलातून काढा, मेल सेव्ह करा. झालं.

कॅलेंडर

'करप्ट रिकरन्स' दिसलं तर ती पुन्हापुन्हा येणारी मीटिंग आहे, जिचा आवर्तनाचा नियम बिघडलाय. दुरुस्त करायचा प्रयत्न करू नका. तिचा दिवस, वेळ, लोकांची यादी लिहून घ्या, मालिका संपूर्ण डिलीट करा आणि क्लाउडवर गेल्यावर नव्यानं बनवा. एका ठिकाणी दर शनिवारच्या पगाराच्या हिशोबाची नोंद २००९ पासून कुठलीही शेवटची तारीख न देता चालू होती. ती बनवणारे अकाउंटंट काका रिटायर होऊन गेले होते. नोंद मात्र दर आठवड्याला इमानेइतबारे वाजत होती.

खरोखर फाटलेले मेल

आता उरले 'करप्ट आयटम'. संख्येनं थोडे, पण खरं काम यांचंच. उघडणारे असतील ते वर सांगितल्याप्रमाणं एमएसजी करून ठेवलेच आहेत. न उघडणाऱ्यांसाठी आधी आउटलुक वेब अॅपमधून प्रयत्न करा, मग मोबाइलवरून. प्रत्येक जण मेल वेगळ्या तऱ्हेनं वाचतो, आणि एखाद्या ठिकाणी निदान मजकूर तरी दिसतो. तोही नाही मिळाला तर ज्याला तो मेल सीसीमध्ये होता त्याच्याकडून फॉरवर्ड घ्या. ऑफिसातला निम्मा पत्रव्यवहार निम्म्या ऑफिसला सीसी असतो, ही आपल्याकडची सवय इथं कामाला येते.

प्रत वाचवून झाली की मूळ आयटम उडवायचा. इथं एक खाच आहे. शिफ्ट-डिलीट केलं तरी आयटम लगेच नाहीसा होत नाही. तो 'रिकव्हरेबल आयटम्स' या लपलेल्या फोल्डरात जातो आणि मूळ सेटिंग असेल तर १४ दिवस तिथं राहतो. मेलबॉक्स हलवताना ते फोल्डरही हलतं, म्हणजे तोच आयटम तुम्हाला तिथं पुन्हा आडवा येतो. आउटलुकमधल्या 'रिकव्हर डिलीटेड आयटम्स' खिडकीत जाऊन तो तिथूनही पर्ज करा, म्हणजे कायमचा पुसा. मेलबॉक्सवर लिटिगेशन होल्ड, म्हणजे कोर्टकचेरीसाठी मेल पुसू न देणारं कुलूप, लावलेला असेल तर तो तिथूनही जाणार नाही. मग होल्ड कुणी आणि का लावलाय ते विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. टॅक्सच्या प्रकरणासाठी लावलेला असू शकतो.

काही आयटम इतके बिघडलेले असतात की आउटलुक त्यांना निवडूनही देत नाही, किंवा ते लपलेले असतात: जुने रूल, जुने व्ह्यू, मोडक्या रिमाइंडर. रिमाइंडरसाठी आउटलुक बंद करून क्लीनरिमाइंडर्स हा स्विच लावून उघडा, व्ह्यूसाठी क्लीनव्ह्यूज. तरी हटत नसेल तर एमएफसीमॅपी हे मोफत साधन आहे, मेलबॉक्सच्या पोटातलं सगळं उघडं दाखवतं. त्यासाठी त्या कॉम्प्युटरवर दुसरं, कॅश्ड मोड बंद असलेलं प्रोफाइल बनवा. पहिल्याला धक्का नको. या साधनात 'अनडू' नसतो. म्हणून पहिल्यांदा ते स्वतःच्या टेस्ट मेलबॉक्सवर चालवून हात बसवा.

आकडेच जुळत नसतील तर

फोल्डर १२०० मेल दाखवतं आणि आत ११४० आहेत, सर्च फोल्डर उघडत नाही, व्ह्यू गोंधळलेत, अशा तक्रारी एकट्यादुकट्या मेलच्या नसतात. यासाठी जुन्या सर्व्हरवर न्यू-मेलबॉक्सरिपेअररिक्वेस्ट आहे. एक्स्चेंज २०१० च्या सर्व्हिस पॅक १ पासून ती आली. त्याआधी याच कामाला आयएसइन्टेग असायचं. करप्शनटाइपमध्ये सर्चफोल्डर, अॅग्रिगेटकाउंट्स, प्रोव्हिजन्डफोल्डर, फोल्डरव्ह्यू हे चार द्या. पहिल्यांदा डिटेक्टओन्ली लावून नुसतं बघून घ्या, मग खरी दुरुस्ती.

दुरुस्ती चालू असताना त्या माणसाला मेलबॉक्स उघडता येत नाही, आणि एकदा सुरू केली की डेटाबेसच डिसमाउंट, म्हणजे बंद, केल्याशिवाय थांबवता येत नाही. म्हणून डिस्पॅचच्या मेलबॉक्सवर दुपारी चार वाजता, कंटेनर निघायच्या वेळी, ही आज्ञा देऊ नका. जेवणाच्या सुट्टीतही नको, रात्री करा.

एवढं करूनही मेलच्या आतला फाटका मजकूर शिवला जात नाही. ही आज्ञा फोल्डरचा हिशोब दुरुस्त करते, मेलचा गाभा नाही. अनेक जण ती चालवून 'रिपेअर झालं' म्हणून सांगतात आणि पुढच्या बॅचला तेच आयटम परत येतात.

फार बिघडलेला मेलबॉक्स असेल तर आणखी एक जुना, भरवशाचा मार्ग आहे: त्याच सर्व्हरवर नवा रिकामा डेटाबेस बनवा आणि क्लाउडवर न्यायच्या आधी मेलबॉक्स त्यात हलवा. सगळे आयटम एकदा घरच्या घरी वाचून नव्यानं लिहिले जातात, खराब कोणते ते इथंच कळतं, इंटरनेटची लाइन वाया जात नाही. फक्त लॉगच्या ड्राइव्हवर जागा बघा. प्रत्येक लॉग फाइल १ एमबीची असते. ३० जीबीचा मेलबॉक्स हलवला तर तीस हजारांच्या आसपास फाइली तयार होतात. ड्राइव्ह भरला की डेटाबेस डिसमाउंट होतो आणि सगळ्या ऑफिसचा मेल बंद. मग फोन एकाचा येत नाही, चाळीस जणांचा येतो.

मंजुरी कुणाची

साफसफाई झाली, युझर पुन्हा सुरू केला, सिंक होऊ दिलं. बॅच पूर्ण केली नसेल तर दर २४ तासांनी ती नवे बदल उचलत राहते, त्यामुळं घाई नसते. गळालेल्या आयटमच्या यादीत जुन्या नोंदी दिसत राहिल्या तर तुमच्या एक्सेलशी ताडून बघा: या ओळीची प्रत वाचवली, ही परवानगी होती, ही मीटिंग नव्यानं करायची, ही कुठंच मिळाली नाही.

ती शेवटची, 'कुठंच मिळाली नाही'वाली यादी छापा. एक पान, फार तर दोन. ज्याचा मेलबॉक्स आहे त्याच्यासमोर ठेवा आणि ओळीओळीनं विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "दिवाळीच्या शुभेच्छा आहेत हो, सोडा की." कधी एखाद्या ओळीवर बोट थांबतं आणि माणूस म्हणतो, "थांबा, हा त्या क्लेमचा मेल आहे." आपल्याला विषयाच्या ओळीवरून हे कधीच कळलं नसतं. मालकांची सही घेताना लाजू नका. सोलापुरात ओळखीवर कामं चालतात, "तुम्ही बघून घ्या" म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. पण सहा महिन्यांनी ऑडिटर जुना मेल मागतो तेव्हा ओळख आठवत नाही, कागदच लागतो.

सही झाली की सेट-मायग्रेशनयूझर आज्ञेला अॅप्रूव्हस्किप्डआयटम्स लावा. ही मंजुरी त्या क्षणापर्यंत सापडलेल्या आयटमपुरतीच असते. नंतरच्या सिंकमध्ये नवं काही गळालं तर ते पुन्हा मंजुरी मागेल, आणि तुम्ही पुन्हा यादी बघायची. सगळ्या बॅचला एकदम मंजुरी द्यायचीही सोय आहे. चाळीस जणांच्या चाळीस याद्या वाचल्या असतील तर खुशाल वापरा.

शेवटचा बदल लोक कमी असतात तेव्हा करा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत अर्धं ऑफिस नंदीध्वजांच्या मागं असतं, तेव्हा मी दोन कामं निवांत उरकली आहेत.

एक्स्चेंज नसेल तर

एखाद्या होस्टिंगवाल्याचा साधा मेल असेल तर रस्ता आयमॅपचा, म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचायच्या सर्वसाधारण पद्धतीचा. त्यात फक्त मेल येतात, कॅलेंडर आणि काँटॅक्ट येत नाहीत. एका मेलबॉक्समधून जास्तीत जास्त ५ लाख आयटम, आणि एक मेल ३५ एमबीपर्यंत. अटॅचमेंट मेलात शिरताना तिसरा हिस्सा फुगते, म्हणजे २७ एमबीची फाइलही अडकू शकते. फोल्डरच्या नावात तिरकी रेघ असेल तर ते फोल्डर येत नाही, आणि 'एक्सपोर्ट २०१४/१५' असं नाव नसलेलं ऑफिस मला अजून भेटलेलं नाही. आधी नावं बदला.

पीएसटीतून माल चढवायचा असेल तर स्कॅनपीएसटी मूळ फाइलवर चालवू नका, कॉपीवर चालवा. ते बॅकअप घेऊ का विचारतं, हो म्हणा. एका फेरीत चुका शून्यावर आल्या नाहीत तर पुन्हा चालवा.

बदल झाल्यावरचे तीस दिवस

मेलबॉक्स क्लाउडवर गेला तरी जुन्या डेटाबेसमधली त्याची प्रत लगेच पुसली जात नाही. मूळ सेटिंग असेल तर ३० दिवस राहते आणि न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्टनं तिच्यातून माल काढता येतो. 'आता काम झालं, सर्व्हर भंगारात द्या' असं मालक पहिल्याच आठवड्यात म्हणतील, कारण लाइटबिल त्यांना दिसतं. महिनाभर थांबवा. याच महिन्यात गेट-मेलबॉक्सफोल्डरस्टॅटिस्टिक्सनं क्लाउडवरचे फोल्डर मोजा आणि बॅचच्या आधी जुन्या सर्व्हरवर घेतलेल्या आकड्यांशी ताडा. ते आकडे घ्यायचं राहिलं असेल तर पुढच्या कामाला लक्षात ठेवा.

आणि डेस्कटॉपवरचं ते फोल्डर. त्या माणसाच्या टेबलावर परत जा, क्लाउडला जोडलेलं आउटलुक उघडा, 'जुने वाचवलेले' नावाचं फोल्डर बनवा आणि एमएसजी फाइली उचलून त्यात टाका. एकेक उघडून दाखवा. मर्चंडायझर बाईंसारखं कुणी असेल तर ते अटॅचमेंटसुद्धा उघडायला लावतील, आणि त्यांचं बरोबरच आहे.